शेवटच्या रकान्यापासून सुरुवात: खान्देशातल्या महिला तपासणी शिबिरांच्या नोंदी कशा ठेवाव्यात

'सुनंदाबाई पाटील, वय ४०, व्हीआयए पॉझिटिव्ह.' रजिस्टरमध्ये एवढीच ओळ होती. व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखावर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. गाव चोपडा तालुक्यातलं. शिबिर होऊन तीन आठवडे उलटल्यावर ती माझ्या हातात आली. आशाताईला फोन लावला तर ती हसायला लागली. "ताई, कोणती सुनंदाबाई? आमना गावमा नऊ शेतस." चाळिशीच्या आसपासच्या त्यातल्या पाच. त्या दिवशी शिबिराला आलेल्या तीन. तिघींना परत बोलवावं लागलं. ज्यांना काही झालेलं नव्हतं, त्या दोघींची झोपही आम्ही उडवली. चूक माझीच होती, कारण नोंदणीच्या टेबलावर मीच बसले होते.

त्यानंतरच्या वर्षांत बाहेरदेशातल्या निधीवर चालणाऱ्या बऱ्याच शिबिरांचं नोंदीचं काम केलं. कधी तिकडच्या डॉक्टरांची तुकडी सोबत असायची, कधी नुसता तिकडून आलेला फॉर्म. गर्भाशयमुख, स्तन, तोंड, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन असा साधारण बेत असतो. खाली लिहितेय ती त्यातून बसत गेलेली पद्धत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के. म्हणजे टेबलापर्यंत आलेली बाई आधीच दुर्मीळ. तिची नोंद अशी हवी, की तिच्यापर्यंत पुन्हा पोचता येईल.

फॉर्म उलटा बांधा

कोरा कागद आडवा घ्या आणि उजवीकडून रकाने पाडत या. सगळ्यात शेवटचा रकाना: 'उपचार किंवा पक्कं निदान झालं, तारीख'. त्याच्या आधी: कुठे झालं. त्याच्या आधी: तिच्यासोबत कोण गेलं. मग निकाल तिला कोणी, कधी सांगितला. मग निकाल, मग तपासणी, आणि सगळ्यात शेवटी डावीकडे तिची ओळख. आता तिकडून आलेला फॉर्म शेजारी ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला विचारा, हे उत्तर नसेल तर पुढचा कोणता रकाना अडेल? काहीच अडत नसेल तर तो प्रश्न काढा. आमच्याकडे एकदा ८६ प्रश्न आले होते. पिनकोडच्या जागी अमेरिकी पद्धतीचे पाच आकडे, 'वंश' नावाचा रकाना आणि वर्षाला किती वाइन पिता, हेही. भांडून ३४ वर आणले.

लग्नाच्या वेळचं वय कशासाठी हवंय, हे नीट विचारून घ्या. अठराच्या आत लग्न झालेली बाई पोलिसांच्या भीतीने खोटं सांगते, आणि एकदा खोटं सांगितलं की पुढची उत्तरंही सावरून देते.

हे भांडण करताना उपयोगी पडणारं एक उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने (म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीने) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये पुढे आलं. ते कळलं, कारण कोणाला पुढे कर्करोग झाला आणि कोण दगावलं, हे वर्षानुवर्षं नोंदलं गेलं. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू होती, तिचा आधार मिळाला. पाहुण्यांना हे सांगितलं की शेवटच्या रकान्याचं महत्त्व पटवावं लागत नाही.

तारीख आणि यादी

पाहुणे डॉक्टर बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. त्यांना नाताळची सुट्टी असते, आपल्याकडे थंडी असते, सगळं गोड वाटतं. पण तेव्हा कापूस वेचणी चालू असते, आणि शहादा, तळोदा, धडगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला गेलेली असतात. गावात उरतात त्या म्हाताऱ्या आणि नोकरदारांच्या घरच्या बायका. मग अहवालात लिहिलं जातं, 'प्रतिसाद उत्तम', आणि ज्या बायकांसाठी शिबिर होतं त्या यादीतच नसतात.

सातपुड्यात होळीला माणूस कुठूनही घरी येतो. होळीनंतरचे पंधरा दिवस, सकाळी आठ ते बारा, ही माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ. त्यापुढे जळगावचं ऊन कोणाला बसू देत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शिबिर ठेवायचं असेल तर एक लक्षात घ्या: तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात. गर्दी होते, पण निम्म्या पत्त्यांवर पुढच्या आठवड्यात कोणी नसतं. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला उलट असतं. बाहेरगावी राहणारी सगळी भावकी रोटांच्या प्रसादासाठी मूळ गावी येते, तेव्हा शिबिर नको, पण राहिलेल्या बायकांना गाठायला तो दिवस सोन्यासारखा.

यादी शिबिराआधी करा. आशाताईकडे ३० वर्षांपुढच्या माणसांचे सी-बॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायचे सरकारी फॉर्म) असतात. त्यातून गावातल्या ३० ते ६५ वयाच्या बायकांची नावं आधीच उतरवून घ्या. कोण आलं, एवढ्यावरून काही कळत नाही. कोण आलं नाही आणि का, हे त्याच यादीवर त्याच दिवशी लिहा: 'वेचणीला', 'सासू नको म्हणाली', 'पाळी चालू', 'मागच्या वर्षी झाली', 'गाव सोडलं'. पुढच्या वर्षीचं अर्धं नियोजन या पाच-सहा शब्दांत असतं.

नाव

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि मागे रांग कुरकुरते.

तिकडच्या फॉर्मला 'पहिलं नाव' आणि 'आडनाव' एवढंच पुरतं. आपल्याकडे रावेर-यावलकडे पाटील, चौधरी, महाजन यांतच अर्धं गाव बसतं. धडगावात पावरा आणि वसावे. लग्नात नाव बदललेलं असतं. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि गल्लीत तिला ओळखतात 'बंडूची माय' म्हणून. म्हणून पाच गोष्टी लिहायच्या: सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, माहेरचं गाव आणि गल्लीत हाक मारायचं नाव. पाड्यावर असेल तर पाड्याचं नाव, कारण महसुली गाव एक आणि त्याखाली आठ-दहा पाडे डोंगरभर पसरलेले असतात. घराची खूण तिच्याच शब्दांत: 'मारुतीच्या पारामागे, म्हशीचा गोठा आहे ते'. या खुणेने मी जेवढ्या बायका परत शोधल्या, तेवढ्या जीपीएसने नाही.

मग क्रमांक. छापील चिकटपट्ट्या आधीच करून न्या, एका क्रमांकाच्या पाच: फॉर्मवर एक, नमुन्याच्या बाटलीवर एक, तपासणीच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये एक, तिच्या हातातल्या कार्डावर एक, आणि एक राखीव. हाताने लिहिला की गोंधळ होतो. देवनागरी १ आणि ९, इंग्रजी एक आणि सात, घाईत सारखेच दिसतात. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर तोही घ्या, पण तो नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका.

फोन नंबर लिहिला की तिथेच मिस्ड कॉल द्या. दहातले दोन चुकीचे निघतात, हा माझा अंदाज. नंबरापुढे 'कोणाचा' हे लिहाच: स्वतःचा, नवऱ्याचा, मुलाचा, शेजारच्या दुकानाचा. आणि विचारा, "या नंबरावर काय सांगितलं तर चालेल?" काही जणी सांगतात, फक्त 'ताईंचा फोन होता' एवढंच. तेवढंच लिहा आणि तेवढंच सांगा. सुरतला गेलेल्या कुटुंबाचं सिमकार्ड बदललेलं असतं, म्हणून गावात राहणाऱ्या एका माणसाचा दुसरा नंबर हवा. शक्यतो नणंद किंवा जाऊ, सरपंच नको.

वय

देशातलं पहिलं आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण आधारवरची जन्मतारीख बघून वय लिहिणं मी सोडलंय. जन्मतारीख माहीत नसली की नुसतं वर्ष किंवा १ जानेवारी टाकलेली असते. एका शिबिराच्या यादीत इतक्या बायका १ जानेवारीला जन्मलेल्या निघाल्या, की तिकडच्या विश्लेषकाने आमचं सॉफ्टवेअर बिघडलं का म्हणून विचारलं.

तोंडी विचारलं तर ३५, ४०, ४५, ५० असे गोल आकडे येतात. त्यावर उपाय म्हणजे प्रसंगांची पट्टी. १९७२ चा दुष्काळ, १९८४ ला इंदिरा गांधी गेल्या ते, १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला ते, २०१६ ची नोटबंदी, करोनाचं वर्ष. 'दुष्काळात सुकडी खायला जायची, तेव्हा तुम्ही चालत होता की कडेवर?' 'जिल्हा झाला तेव्हा थोरला शाळेत होता?' दोन प्रसंग जुळले की वय दोन-तीन वर्षांच्या आत बसतं. फॉर्मवर वयाशेजारी 'कसं कळलं' असा छोटा चौकोन ठेवा: कागद, प्रसंग, अंदाज. वयाची ही खटपट उगाच नाही. सरकारी कार्यक्रमात गर्भाशयमुखाची तपासणी ३० ते ६५ वयासाठी आहे, दर पाच वर्षांनी.

प्रश्न विचारायचा कसा

भाषांतर झालं म्हणजे प्रश्न झाला नाही. सगळ्यात महाग पडलेला प्रश्न सांगते.

फॉर्मवर होतं: 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का?' आमच्या तुकडीतल्या मुलीने विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" बाई म्हणाली, हो. नोंद झाली आणि तिला परत पाठवलं. दुपारपर्यंत अशा बऱ्याच गेल्या. संध्याकाळी फॉर्म चाळताना ३२ वर्षांच्या एवढ्या बायकांचं गर्भाशय काढलेलं दिसलं, तेव्हा ट्यूब पेटली. गावात नुसतं 'ऑपरेशन' म्हणजे कुटुंब नियोजनाचं. गर्भाशय काढणं म्हणजे 'पिशवी काढणं'. आता आम्ही दोन वेगळे प्रश्न विचारतो, अहिराणीत: "मुलं बंद व्हवानं ऑपरेशन व्हयेल शे का?" आणि मग "पिशवी काढेल शे का?" त्यानंतर "पाळी येते का अजून?" हा तिसरा प्रश्न पडताळा म्हणून. पिशवी काढलीय आणि पाळीही येते, असं आलं तर पेन थांबवायचं.

दुसरा सापळा तंबाखूचा. 'धूम्रपान करता का?' याला खान्देशात शंभर टक्के 'नाही' येतं. 'तंबाखू खाता का?' यालाही बहुतेक 'नाही'. 'दात कशाने घासता?' विचारा, मग मिसरी निघते. तोंडाच्या तपासणीसाठी तेच हवं असतं.

अंगावरून पांढरं जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घरातली मारहाण, हे प्रश्न रांगेत विचारायचे नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावलं तर प्रश्नांचं टेबल नोंदणीपासून लांब, पाठ रांगेकडे, आणि सोबतची सासू समोरच्या बाकावर चहा घेत. विचारणारी बाईच हवी, आणि शक्यतो त्याच गावची नको. आपल्या गावच्या पोरीला बाई सगळं सांगत नाही. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी किंवा भिल्ली बोलणारी मुलगी नसेल तर ते प्रश्न विचारूच नका. दुभाषा म्हणून नवरा उभा केला तर उत्तर त्याचं येतं.

कोड ठरवताना 'नाही', 'विचारलं नाही', 'सांगायचं नाही', 'माहीत नाही' हे चार वेगळे ठेवा. आणि 'माहीत नाही'साठी ९९ वापरू नका. एका अहवालात आमच्या बायकांना सरासरी सात मुलं निघाली. कोणीतरी ९९ सकट सरासरी काढली होती.

तपासणीच्या टेबलावर

इथली नोंद सिस्टर किंवा डॉक्टरने सांगायची आणि दुसऱ्या व्यक्तीने लिहायची. हातमोजे घातलेल्या हाताने पेन धरलं की नंतर आठवणीतून लिहिलं जातं.

व्हीआयएमध्ये ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून एक मिनिट थांबून पाहतात. त्या दिवशी मिश्रण किती वाजता, कोणी, किती प्रमाणात केलं, हे सकाळी रजिस्टरच्या पहिल्या ओळीत लिहा. ५ मिली अ‍ॅसिड आणि ९५ मिली पाणी. अ‍ॅसिड पातळ करायचं राहिलं तर भाजतं, फार पातळ झालं तर काहीच दिसत नाही, आणि दोन्ही नंतर नोंदीतूनच सापडतं. निकालाला दोन चौकोन पुरत नाहीत. चार हवेत: निगेटिव्ह, पॉझिटिव्ह, कर्करोगाचा संशय, सांगता येत नाही. शिवाय दोन प्रकारच्या पेशींची सीमारेषा पूर्ण दिसली, थोडी दिसली की दिसलीच नाही, हे वेगळं लिहा. पाळी गेलेल्या बाईत ती रेषा आत सरकलेली असते, तिथे व्हीआयए निगेटिव्ह लिहिणं म्हणजे दार न उघडता 'घरात कोणी नाही' म्हणणं.

झांबियात २००६ पासूनच्या कार्यक्रमात सिस्टर गर्भाशयमुखाचा डिजिटल फोटो काढून ठेवतात आणि डॉक्टर नंतर तपासतात. ते आपल्याकडेही करता येतं, पण फोटोत क्रमांकाची चिकटपट्टी असावी आणि बाकी काही नाही. स्वतःच्या मोबाईलवर तर नाहीच नाही.

रक्तदाब पाच मिनिटं बसवून, दोनदा. हिमोग्लोबिनला बोट पुसल्यावरचा पहिला थेंब सोडायचा, आणि पट्टीच्या डब्यावरची मुदत सकाळीच नोंदवायची. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा निकाल लिहिताना 'वाहक' आणि 'रुग्ण' यांत गल्लत होता कामा नये, आणि साध्या विद्राव्यता चाचणीतून हा फरक कळत नाही. पुढची पक्की तपासणी झाली की नाही, यासाठी वेगळा रकाना.

टॅब की कागद

दोन्ही. कोबो किंवा ओडीके ही फॉर्म भरायची अ‍ॅप, बिनानेटवर्कचं चालतं आणि देवनागरीत छान दिसतं. पण तोरणमाळच्या पट्ट्यात तीन दिवस पाठवता येत नाही आणि उन्हात टॅब तापून बंद पडतो. ओळख आणि निकाल कार्बन लावलेल्या रजिस्टरवर, बाकी टॅबवर.

जीप निघायच्या आधी

शिबिर संपलं की सगळ्यांना भूक लागलेली असते, पण हा पाऊण तास सोडू नका. फॉर्म मोजा, चिकटपट्ट्या मोजा, बाटल्या मोजा. तिन्ही आकडे जुळायलाच हवेत. मग रक्तदाबाच्या रकान्यावर नुसती नजर फिरवा. एकाच हाताने लिहिलेले २० पैकी १८ आकडे शून्यावर संपत असतील किंवा ओळीने १२०/८० असतील, तर मोजलेले नाहीत. ते ओरडून सांगायचं नसतं. सकाळपासून एकटीच त्या टेबलावर असते बिचारी. तिला दुसरी जोडीदार द्या.

दोन सिस्टर तपासत असतील तर दोघींचे पॉझिटिव्ह वेगळे मोजा. त्याच गावात एकीचे पन्नासात आठ आणि दुसरीचे पन्नासात एकही नाही, असं झालं तर दुसऱ्या दिवशी दोघींनी दहा जणी एकत्र तपासायच्या.

पॉझिटिव्ह आणि संशयितांची यादी त्याच संध्याकाळी हाताने तीन प्रतींत: एक उपकेंद्राच्या सिस्टरकडे, एक समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, एक आपल्याकडे. आशाताईकडे नावं द्यायची पण निकाल लिहायचा नाही. ती गावचीच आहे, तिच्यावर ते ओझं नको.

बाई परत गाठायची

जमलं तर तपासणी आणि उपचार एकाच दिवशी करा, मग हा भाग निम्मा होतो. नाही जमलं तर प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी: कोण जाणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कुठे पाठवायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण धडगावच्या बाईला धुळे गाठणं म्हणजे अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी. म्हणून सोबत कोण, गाडीभाडं कोणाचं, रेशनकार्ड आहे का, हेही याच ओळीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर रेशनकार्डापाशीच बायका अडतात.

प्रत्येक प्रयत्न तारखेसह लिहा. 'संपर्क नाही' हा शब्द आमच्या रजिस्टरमध्ये बंद केलाय. त्याऐवजी: '१२ जानेवारी, घराला कुलूप, शेजारीण म्हणाली बारडोलीला, होळीला येतील.' अशी एक नोंद होती. होळीच्या तिसऱ्या दिवशी आमची सिस्टर त्या पाड्यावर गेली, बाई पाहुण्यांसाठी भाकरी थापत होती. शेवटच्या रकान्यात तारीख पडली ती एप्रिलमध्ये. उपचार झालेल्यांना वर्षाने पुन्हा तपासायचं असतं, म्हणून त्या तारखेसाठी आणखी एक रकाना.

तिकडे काय पाठवायचं, आणि कागदाचं काय

संमती आधी, तिच्या भाषेत वाचून, आणि तिचीच. २००९-१० मध्ये अमेरिकी संस्थेच्या सहभागाने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला अनेक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. प्रकल्प २०१० मध्ये थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. अंगठा घेतला तर साक्षीदार बाहेरचा हवा, आमच्यातला नाही. माहिती परदेशी जाणार आहे, हे संमतीपत्रात मराठीत स्पष्ट लिहा. संशोधन म्हणून वापरणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी शिबिराच्या आधी लागते, नंतर नाही.

पाठवताना नाव, फोन, घराची खूण आणि पाड्याचं नाव काढा. छोट्या पाड्यावर '४३ वर्षं, सिकलसेल रुग्ण' एवढ्यावरून बाई ओळखता येते, म्हणून वय पाच वर्षांच्या गटात. अहवालात तिकडचे लोक 'किती बायकांपर्यंत पोचलात' विचारतात. मी पाच आकडे एका ओळीत पाठवते: यादीतल्या, आलेल्या, नीट तपासता आलेल्या, पॉझिटिव्ह, आणि शेवटचा रकाना भरलेल्या. पहिल्या वर्षी शेवटचा आकडा लाजिरवाणा होता. तोही पाठवला.

आणि रद्दी. एकदा बसस्थानकाबाहेर भेळ घेतली, कागद उलटा केला तर छापील चौकोन ओळखीचे वाटले. आमचा फॉर्म नव्हता, दुसऱ्या कोणाचा तरी होता, पण बाईचं नाव वाचता येत होतं आणि खाली एचआयव्हीचा रकाना भरलेला होता. तो कागद मी घरी आणून जाळला. तेव्हापासून जुने फॉर्म कुलपात, ठरलेली वर्षं झाली की दोघींच्या देखत बारीक फाडून पाण्यात भिजवायचे, आणि किती फॉर्म नष्ट केले ते रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दोघींच्या सह्यांनिशी लिहायचं.